पालितुकला विचारा

"बाबा! ओ बाबा!"

सुपरमार्केटात गल्ल्यापाशी रांगेत उभी होते. एका हातात कांद्यांची जाळी, दुसऱ्या हातात दूध. हाक आली आणि मान आपली आपणच फिरली. वळायला नको होतं, असं पुढे दिवसभर वाटत राहिलं. पण मानेला कुठे एवढी अक्कल असते? दुकानातली आणखी चारपाच माणसंही वळली होती. हाक मारणारा साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, एप्रिलच्या चिखलात सीलच्या कातड्याचे बूट घालून फिरणारा माणूस. असा माणूस 'बाबा' म्हणून ओरडतो म्हणजे त्याचा बाप नव्वदीला तरी टेकलेला असणार, म्हणून लोक भाज्यांच्या बाजूला कुणी म्हातारा पडलाबिडला आहे का ते बघायला लागले. तो रांग मोडून सरळ माझ्यापाशी आला. आमच्या रीतीने माझ्या गालाला नाक टेकवून त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "किती ओरडायचं, बाबा? शहरात येऊन कानपण विकलेत काय?"

"विकले नाहीत, पोरा. कोण आवाज देणार होतं, म्हणून काढून ठेवले होते."

'पोरा' हा शब्द माझ्याच तोंडून गेला. एवढ्या वर्षांत तो जिभेवर आला नव्हता, आणि आला तो असा, जणू सकाळीच त्याला चहा घेतोस का म्हणून विचारलं होतं. गल्ल्यावरची मुलगी एकदा माझ्या लिपस्टिककडे बघत होती, एकदा त्याच्या पांढऱ्या मिशांकडे. मी कांदे तिच्यापुढे ठेवले. ओटावात मला सगळे लेआ म्हणतात. बाप्तिस्म्याचं नाव आहे, सोपं आहे, कुणाच्या दातात अडकत नाही.

हा जायपिती. माझ्या आईचा धाकटा भाऊ, म्हणजे हिशेबाने माझा मामा. पण मामा मी त्याला जन्मात म्हटलं नाही. आईचे वडील पालितुक हिवाळ्यात आमच्या बेटावर वारले आणि वसंतात मी झाले, म्हणून त्यांचं नाव मला दिलं. आमच्याकडे नाव एकटं येत नाही, नावाचा माणूस त्याच्याबरोबर येतो. तेव्हा आईच्या पोटी तिचे वडीलच परत आले होते. आई मला 'बाबा' म्हणायची. मोठा मामा बाबा म्हणायचा, आणि हा जायपिती तेव्हा चार वर्षांचा, तोही आईच्या कोटाच्या पाठीवरच्या झोळीत डोकावून 'बाबा, बाबा' करायचा. आजी, म्हणजे पालितुकची बायको, मला 'अहो' म्हणायची. "अहो, नाक पुसा." "अहो, त्या कुत्र्याच्या अंगावर बसू नका, चावेल." मांसाचा पहिला मऊ तुकडा माझ्यापुढे यायचा. माझ्यावर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती, बापावर कोण आवाज चढवतो? लाडाने मी पार नासले होते, हे सांगायला हवं. पुढे शाळेत मास्तरीण एकदा खेकसली तेव्हा मी रडले नाही. मला वाटलं ही दुसऱ्याच कुणाला बोलतेय.

दुकानाच्या दारापाशी बाकावर आम्ही बसलो. त्याने दोन कागदी पेल्यांत चहा आणला, माझ्या चहात चार चमचे साखर घालून. पालितुकला गोड आवडायचं. मला साखर बंद आहे, डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. मी तो प्यायले.

"आम्ही पाचजण आलोय गावाहून," तो म्हणाला. "राखीव समुद्राचं ठरतंय. माहितेय ना?"

माहीत होतं. बोर्डिंगमध्ये, जिथे मी स्वयंपाक करते, तिथे उत्तरेकडून उपचाराला येणारी माणसं उतरतात, त्यांच्याबरोबर बातम्या येतात. आमच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र, कडे, खाडीचं तोंड, हे सगळं राखीव होणार होतं. सरकारच्या माणसांनी नकाशा आणला होता, पण रेघा गावाने मारल्या. तीन हिवाळे बैठका चालल्या होत्या. देवमाशांची वाट कुठून जाते, वॉलरस कुठे बसतात, शिकार कोणी कुठे करायची, सगळ्यावर भांडून भांडून एकमत झालेलं.

"एकच राहिलंय," जायपिती म्हणाला. "बेट."

मी रिकामा पेला बाकावर ठेवला.

"जूनपासून ऑगस्टपर्यंत बेटावर कुणीच उतरायचं नाही, असं आमच्या समितीचं म्हणणं. कुणीच म्हणजे आपणपण नाही. उन्हाळ्यात ती पांढरी जहाजं येतात ना, शंभर शंभर लोक रबरी होड्यांतून उतरवतात. लाल कोट घालून सगळ्या बेटावर फिरतात, बदकांचे फोटो काढतात. बदकं घाबरून उडतात, की वरून कुरव आलेच अंडी उचलायला. आपल्याला सूट ठेवली, तर उद्या जहाजवाले आपल्यातलाच एखादा पोरगा वाटाड्या म्हणून घेणार आणि त्याच्या मागून उतरणार. म्हणून सगळ्यांना बंद."

"मग करा की बंद. मला कशाला विचारता?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. "बेट कुणाचं? पालितुकचं. तळ कुणी मांडला? पालितुकने. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय आम्ही रेघ मारायची? उद्या लोक तोंडात शेण घालतील." मग एकदम हसायला लागला, पोट हलवत. "त्या सरकारी ऑफिसातल्या बाईला मी सांगितलं, पालितुकला विचारल्याशिवाय जमणार नाही. ती म्हणाली, बोलवा मग त्यांना. म्हटलं, ते वारले. 'अरेरे, कधी?' म्हटलं, मी चार वर्षांचा होतो तेव्हा. गप्पच झाली बिचारी. मग हळूच विचारते, 'मग आता त्यांना विचारणार कसं?' म्हटलं, सोपं आहे, ते इथेच राहतात, ओटावात. स्वयंपाकी आहेत."

मलाही हसू आलं. हसता हसता तो थांबला, पेल्यात बघत राहिला.

"गेल्या जूनमध्ये मी गेलो होतो, पक्षी मोजणाऱ्या पोरांबरोबर," तो म्हणाला. "त्यांना होडीत बसवलं आणि एकटा वर गेलो. पोटावर सरपटत, आपण जायचो तसा. तंबूच्या दगडांपाशी एक मितिक बदकीण बसली होती अंड्यांवर. मी हळूहळू तिच्याजवळ... " त्याने हात पुढे करून दाखवला. "उडाली, बाबा. मला बघून उडाली. मला!"

साठी उलटलेला माणूस, पण तोंड असं झालं होतं, जणू आईने ओळख दिली नाही.

उद्या सकाळी बैठक होती. मी येते म्हणाले आणि बस पकडली. शहर चिखलाने बरबटलेलं होतं, कालव्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ, त्यातून वर आलेले हिवाळाभराचे कागद, हातमोजे. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीला डोकं टेकवलं. काच थरथरत होती, तिच्यातून कपाळात आणि कपाळातून दातांत एक बारीक गुणगुण उतरत होती, आणि ती गुणगुण मला ओळखीची वाटली. मितिक बदकं बसली की असाच आवाज येतो. हजारो माद्या, प्रत्येकीचा घशातल्या घशात कू-कू, आणि सगळं बेट मिळून एक घरघर, उकळी फुटायच्या आधी भांडं करतं तशी. आमच्या तंबूच्या कापडाला लागून त्यांची घरटी असायची. रात्र नसायचीच जूनमध्ये, सगळा पिवळा उजेड, आणि मी तंबूच्या कडेखालून डोकं बाहेर काढून पोटावर पडून राहायचे. नाकासमोर मितिक. तपकिरी, साधी, डोळा काळा आणि ओला. मी तिच्याकडे बघायची, ती माझ्याकडे बघायची. माझा श्वास तिच्या पिसांना लागायचा, पण ती हलायची नाही. कुत्री त्या दिवसांत पलीकडच्या खडकावर बांधलेली असायची. आई वाकून मादीच्या पोटाखाली हात घालायची, मूठभर लव काढायची, मूठभर ठेवायची, दोन अंडी घ्यायची, चार ठेवायची, आणि मादी फक्त जराशी कुरकुर करायची, झोपेत पांघरूण ओढल्यावर माणूस करतो तशी. "पालितुकने यांना शिकवलंय," आजी म्हणायची, "आणि यांनी पालितुकला." मग माझ्याकडे वळून, "हो ना, अहो?" मी मान डोलवायची. मला काय ठाऊक असणार? पण मान डोलवताना खरंच आठवतंय असं वाटायचं.

माझ्या आयुष्यातलं सगळं सुख त्या एका जागी साठलेलं आहे. हे बोलून दाखवायला लाज वाटते, कारण वाईट असं काही शहराने मला केलेलं नाही. गॉर्डन, माझा नवरा, भला माणूस होता. तो गेल्यावरही या शहरात मी नीट राहिले, बोर्डिंगातलं स्वयंपाकघर माझ्या हाताखाली आहे, लोकांना माझं फिश सूप आवडतं. पण रविवारी दुपारी खोलीत एकटी बसले की पाय आपोआप त्या बेटावर जातात. पाण्याचं डबकं कुठे, वाऱ्याला आड असा खडक कुठला, पालितुकची दगडांची कबर कुठल्या उतारावर, मी डोळे मिटून सगळीकडे फिरून येते. कपाटात एक तंबू आहे. चार जणांचा, हिरवा, अजून कधी उघडलेला नाही. येत्या उन्हाळ्यात काम सोडायचं, उत्तरेला जायचं, गावातून होडीने बेटावर सोडून घ्यायचं, आणि जूनभर तिथे राहायचं, एवढंच माझं ठरलं होतं. कुणाला बोलले नव्हते. म्हातारी बाई तंबू घेते हे ऐकून लोक हसले असते. ऑगस्टनंतरचं बेट मला नको होतं. बदकं गेल्यावर तो नुसता शेवाळलेला दगड असतो, त्याला घेऊन काय करायचंय?

बसमध्ये पुढच्या सीटवर एक आई मुलीच्या केसांतून हात फिरवत होती. पोर कंटाळून मान झटकत होती. मी तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं.

बेट सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. गावात शाळा झाली होती, दवाखाना झाला होता, आणि सरकारचा एक माणूस बोटीतून आला होता सगळ्या तळांवरच्या लोकांना गावात हलवायला. उंच, लाल कानांचा माणूस. दुभाष्याने त्याचं बोलणं सांगितलं. मोठा मामा गप्प बसला, आजी गप्प. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला स्पष्ट आठवतंय, आई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाबा, काय करायचं? जायचं का?" सगळा तळ माझ्या तोंडाकडे बघत होता. लाल कानांचा माणूस दुभाष्याला विचारत होता की ते पोरीला काय विचारताहेत. मी म्हटलं, "पिल्लं पाण्यात उतरल्यावर." मला पिल्लं उतरताना बघायची होती, एवढंच; दरवर्षी मी बघायचे, काळ्या लोकरीचे गुंडे आईच्या मागे घसरत घसरत पाण्यात पडतात ते. पण मोठ्या मामाने सुस्कारा टाकला आणि दुभाष्याला सांगितलं, "पालितुक म्हणतो पिल्लं उतरल्यावर." बस्स. झालं. बोट परत गेली, पिल्लं उतरल्यावर परत आली, आणि आम्ही निघालो. आजी कबरीपाशी जाऊन आली आणि बोटीत माझ्याशेजारी बसून म्हणाली, "बरं केलंत, अहो. घाईने निघालो असतो तर वाईट दिसलं असतं."

ते मी बोलले की पालितुक? आयुष्यभर हे कोडं सुटलेलं नाही. लहानपणी ते कोडं नव्हतंच. मी म्हणजेच पालितुक, त्यात काय? शहरात आल्यावर, लेआ झाल्यावर, केव्हातरी आमच्या दोघांच्या मध्ये बारीकशी फट पडली. सुरुवातीला बरं वाटलं. ओटावात मला कुणी काही विचारायचं नाही. शिकारीची होडी कधी काढायची, कोणत्या मुलाचं नाव काय ठेवायचं, भांडणात कुणाचं बरोबर, काही नाही. दुकानात पाव घेतला, बिल दिलं, बाहेर. मी नुसती एक बाई. हलकं वाटायचं, अंगावरचा जड कोट काढून खुंटीला लावल्यासारखं. पण मग थंडी पण वाजायला लागते ना.

आणि आई. आई याच शहरात गेली. उपचाराला आणली होती, आमच्याच बोर्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. शेवटी शेवटी तिला काही गिळवत नव्हतं. मी सूप गाळून चमच्याने भरवायची. ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही जेवलात का?" मी म्हणायची, जेवले. "बाबा, मला घरी न्या." मी म्हणायची, नेते. हात हातात घेऊन बसले होते मी, एक आठवडाभर, आणि मनात एकच वाट बघत होते, वाट बघते आहे याची मलाच शरम वाटत होती. की ही एकदा, एकदाच, मला 'बाळ' म्हणेल. मुलगी म्हणेल. शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे बघून फार गोड हसली, लहान मुलगी आपल्या बापाकडे बघून हसते तशी, आणि म्हणाली, "बाबा, आता मला भीती नाही वाटत." तिला वडील मिळाले होते. शेवटपर्यंत उशाशी बसलेले वडील कितीजणांना मिळतात? मी तिच्यासाठी खूप आनंदले. आणि तिला पुरून आल्यावर स्वयंपाकघरात बटाटे सोलताना मला वाटलं, माझी आई कुठे गेली? मला तर आई मिळालीच नाही.

हे मी कुणाला सांगणार होते? आमच्या लोकांना सांगितलं असतं तर त्यांना कळलं नसतं, एवढं प्रेम मिळालेली पोर कशाची तक्रार करते. गॉर्डनला सांगितलं असतं तर त्याला भलतंच कळलं असतं.

त्या संध्याकाळी बोर्डिंगमध्ये मासा शिजवला, आमच्याकडच्या मैद्याच्या भाकऱ्या तळल्या. जेवायला बसलेल्या म्हाताऱ्यांनी दोनदा मीठ मागितलं, कारण मी घालायचं विसरले होते. माझ्या डोक्यात जायपितीचा पुढे केलेला हात होता आणि त्याच्यासमोरून उडालेली मितिक. मादी आपणहून घरट्यावरून उठते तेव्हा आधी चोचीने लव ओढून अंडी झाकते, मग चालत पाण्याकडे जाते. घाबरून उडते तेव्हा अंडी उघडी राहतात. जायपिती त्या अंड्यांपाशी किती वेळ थांबला असेल? त्याला कुरव हाकलता आले असतील का? मी भांडी घासत होते आणि माझ्याच कल्पनेवर चिडत होते. कारण माझ्या कल्पनेत मी तंबू लावायचे, पोटावर पडायचे आणि मितिक माझ्याकडे बघत बसायची. ती कोणती मितिक? ज्यांनी पालितुकला शिकवलं त्या कधीच्या गेल्या, त्यांच्या मुली गेल्या, नाती गेल्या. पन्नासहून जास्त वर्षं तिथे माणूस राहिलेला नाही. आताच्या बदकांना माणूस म्हणजे लाल कोट. मी हिरवा तंबू घेऊन उतरले, की सगळं बेट एकदम उठणार, पंखांचा आवाज होणार, आणि खाली अंडी उघडी. जायपिती सरपटला तरी उडाली. मी तर गुडघ्यांनी धड वाकूही शकत नाही. शहरात बसून मी ज्या बेटावर फिरते ते बेट आता माझ्या पायांखाली टिकणार नव्हतं. माझ्या पायांनीच मोडलं असतं.

तरीही झोपेपर्यंत मी स्वतःशी वाद घालत होते. एकदाच. एकच जून. चारच बदकं उडतील. कडेकडेने जाईन. लहान पोर हट्ट धरते तसं.

बैठकीची खोली उंचावर होती, काचेची, खाली नदी. टेबलावर नकाशा पसरलेला. गावचे चौघे ओळीने बसले होते, मी आत गेल्यावर उठून उभे राहिले, त्यातली ऊलूता ही माझ्याहून मोठी बाई, तीसुद्धा. ऑफिसातल्या बाईंचं नाव हेदर होतं. गोड, गंभीर, पंचेचाळिशीच्या. त्यांनी उभं राहून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मिस्टर... " आणि तिथेच अडकल्या. जायपितीने खोकल्यासारखं केलं. मी म्हटलं, "बसा हो. चालेल काहीही."

बेट नकाशावर माझ्या करंगळीच्या नखाएवढं होतं. त्याभोवती पेन्सिलीने तुटक रेघ. मी तिच्याकडे बघत राहिले. खोलीत सगळे गप्प होते, आणि ती गप्प बसायची तऱ्हा मला ठाऊक होती. सहा वर्षांची असताना सगळा तळ असाच माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. फरक एवढाच की तेव्हा मी माझ्या मनातलं बोलले आणि ते त्यांचं ठरलं. आज उलटं करायचं होतं.

"रेघ पक्की करा," मी आमच्या भाषेत म्हटलं. "पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत कुणी जायचं नाही. पालितुक सांगतो."

ऊलूताने श्वास आत ओढला, हो म्हणताना आम्ही ओढतो तसा. चौघांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. हेदरबाईंना दुभाष्याने सांगितलं. त्या पुढे झुकून सावकाश म्हणाल्या, "आम्हाला एक सुचवायचं होतं. पालितुकच्या घरच्यांसाठी आपण वेगळी परवानगी ठेवू शकतो. तिथे कबर आहे असं कळलं. वर्षातून एकदा, एखादं माणूस, कधीही. जूनमध्येसुद्धा. समितीची हरकत नसेल तर."

समितीने माझ्याकडे पाहिलं. त्यांची हरकत नव्हती, डोळ्यांतच दिसत होतं. पालितुकला कोण अडवणार?

कपाटातला हिरवा तंबू, त्याचा कोरा वास. ही बाई मला तो उचलून हातात देत होती, किती सभ्यपणाने. हो म्हटलं असतं तरी कुणी मला वाईट म्हणालं नसतं.

"नको," मी म्हटलं. "पालितुक तिथेच आहे. त्याला जायला परवानगी कशाला?"

सगळे हसले. हेदरबाईही, अर्थ कळल्यावर. जायपिती सगळ्यांत मोठ्याने हसला, टेबलावर थाप मारून म्हणाला, "आमचे बाबा!" मग पेन्सिलीच्या रेघेवरून पेन फिरलं. फार वेळ नाही लागला.

खाली रस्त्यावर आलो तेव्हा ऊन पडलं होतं, छपरांवरून पाणी गळत होतं. बाकीचे चौघे जेवायला पुढे गेले. मी कालव्याच्या कठड्यापाशी थांबले, पर्समध्ये रुमाल शोधायच्या निमित्ताने. रुमाल वरच होता. जायपिती दहा पावलांवर थांबला, मग परत आला, माझ्याशेजारी कठड्यावर कोपर टेकवून उभा राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता, खाली गढूळ पाण्याकडे बघत होता. बराच वेळ मिशी चावत राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार, पोरा."

"बाबांना नाही." त्याचा आवाज एकदम बारीक झाला, चुकीच्या घरात शिरलेल्या माणसासारखा. "लेआ... तुला. तुला जायचं होतं का गं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांचा म्हातारा, आईचा धाकटा भाऊ, आईसारखंच नाक. त्याला घाम फुटला होता. आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं असलं काही त्याने, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. रेघ मारून झाली होती, आता या प्रश्नाचा कशालाच उपयोग नव्हता, आणि म्हणूनच मला खोटं बोलता येईना.

"हो रे मामा," मी म्हटलं आणि रडायला लागले. "खूप जायचं होतं."